चांगुणाबाईनं बोंबील सोडले

माझी सासू चांगुणाबाई बोंबलापायी जीव टाकायची. हे मी उगं बोलायचं म्हणून बोलत न्हाई. खरोखरच टाकायला निघाली होती.

वालूरच्या बाजारातून वाळले बोंबील आणायचे, इंगळावर भाजायचे, संगं कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा आन् ज्वारीची कडक भाकर. घरात गॅस आला तरी बोंबलासाठी परसात चूल ठेवलेलीच होती. वास सुटला की अख्ख्या गल्लीला कळायचं, चांगुणाबाई जेवायला बसली. जेवताना कुणाशी बोलायची न्हाई. काटे बी चावून चावून गिळायची. मी नवी नवरी होते तवा मला हसू यायचं. पुढं सवय झाली.

मग तिचे पाय सुजायला लागले. पुढं डोळ्याखाली सूज आली, चार पावलं चाललं की दम लागायला लागला. आमचे मालक धम्मपाल सेलूला क्लार्क हायेत. त्यांनी रजा टाकली आन् आमी तिला परभणीला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं रिपोर्ट बघून सरळच सांगितलं, "बीपीनं किडन्या खराब केल्यात. मीठ कमी करा. लोणचं, पापड बंद. वाळली मासळी तर आजीला विषच समजा. पथ्य पाळलं तर गोळ्यांवर निभावेल. नाही पाळलं तर डायलिसिसची मशीन लावावी लागेल. आणि एखाद्या दिवशी छातीत पाणी भरलं, तर मशीनपर्यंत पोचायलाही वेळ मिळायचा नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाईनं मला काय इचारावं? "बबे, आज वालूरचा बाजार हाय न्हवं?"

मी फटकळ हाय. माझ्या आईनं लग्नातच सांगितलं होतं, जबान आवर म्हणून. पर अशा सासूपुढं जबान आवरायची कशी? मी भर रस्त्यात म्हणलं, "आत्या, तुमाला मरायचं असंल तर खुशाल मरा, पर मरायच्या आधी आमाला सांगून ठेवा."

"मरन काय बोंबील खाल्ल्यानं येतंय का? यायचं तवा येतंय," ती म्हणली. "तुझा सासरा तर बोंबलाला शिवत नव्हता. तो गेलाच की."

मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी संध्याकाळी परसातून बोंबलाचा वास आलाच. मालक तिच्या पाया पडले, रागावले, एक दिवस जेवले न्हाईत. मी चूल फोडून टाकली. तिनं तीन दगड मांडून दुसरी केली. आमी दोघं बेजार झालो. खरं सांगते, रात्री तिच्या खोकल्याचा आवाज आला की मी उठून तिच्या अंथरुणापशी जाऊन बघायचे. भांडायची मी, पर आई गेल्यापास्नं माझ्या डोक्याला तेल लावणारी ती एकच होती.

अशात आषाढी पौर्णिमा आली. आमच्या वस्तीत वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतंय. सिताराम अण्णा म्हणून रिटायर गुरुजी हायेत, ते वाचतात. पहिल्या दिवशी पांढरे कपडे घालून समदे बसतात, त्रिशरण-पंचशील होतंय, आन् मग एकेकानं उभं राहून सांगायचं, ह्या वर्षावासात मी अमुक सोडतो. कुणी चहा सोडतंय, कुणी टीव्हीवरल्या मालिका. वस्तीतल्या भुजंगनं ह्या साली तंबाखू सोडली. सोडायचं ते आवडीचं पायजे, न्हाईतर त्याला सोडणं म्हणत न्हाईत. हे अण्णा दरसाल सांगतात, आन् दरसाल सांगताना माझ्या सासूकडं बघतात. कारण ती दरसाल उभी राहून म्हणायची, "मी कारलं सोडते." सगळा विहार हसायचा.

ह्या साली ती उठली तवा बाया आधीच तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. ती भिंतीला धरून उभी राहिली. म्हणली, "मी वाळले बोंबील सोडते."

कुणी हसलंच न्हाई. अण्णांनी चष्मा काढला. "चांगुणाबाई, नीट विचार केला का?"

"केला."

मग समद्यांनी एका आवाजात म्हणलं, "साधू, साधू, साधू." माझ्या डोळ्यात पाणी आलं. मालकांनी तर मान खालीच घातली. शेजारी कडूमावशी बसली होती, तिनं सासूबाईच्या पाठीवर थाप मारली. ही कडूमावशी म्हणजे कडूबाई, सासूबाईची लहानपणची मैत्रीण. दोघीचं माहेर एकच, दोघी एकाच साली वालूरात नांदायला आल्या, आन् दोघीचे नवरे बी मागंपुढं गेले.

घरी येताना मी म्हणलं, "आत्या, डॉक्टरचं पटलं म्हणायचं."

"डाक्टरचं कशाला? त्याच्या धाकानं सोडलं तर लोक म्हणतील चांगुणा भ्याली. धम्मासाठी सोडलं तर इज्जत ऱ्हाती." मग जागच्या जागी थांबून तिनं माझा दंड धरला. "आन् बबे, माझ्या दुखण्याचं वस्तीत कुणाला कळलं न्हाई पायजे. कडीला बी न्हाई. तुला माझी आन हाय."

"त्यात लपवायचं काय हाय?"

"आपल्या वस्तीतल्या शिवकन्याचं बघितलंस ना? मशीनवर जायला लागली तवापास्नं तिला कुणी गाण्याला बोलवत न्हाई का कामाला बोलवत न्हाई. तब्येत कशी हाय एवढंच इचारत्यात आन् पुढं जात्यात. मला तसं जगायचं न्हाई."

मला कळलं ती कशाला भ्याली ते. आमच्या वस्तीत लगीन असू दे, बारसं असू दे, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असू दे, मोठं पातेलं चुलीवर चढलं की मीठ चाखायला चांगुणाबाईलाच बोलवायचे. ती एक थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची आन् म्हणायची, "अजून दोन मुठी." ती म्हणल्याबिगर पंगत बसायची न्हाई. तिला मीठच बंद हाय हे कळल्यावर तिला पातेल्यापशी कोण उभं करणार? मी आन घेतली. मालकांनाबी तेच सांगितलं.

आन् खरंच सांगते, तिनं पाळलं. बाजारच्या दिवशी ती दार लावून घरात बसायची, गल्लीत कुणाकडं बोंबील भाजायले असले तर खिडकीबी लावायची. मी वरण अळणी करायचे, ती मुकाट्यानं भाकर कुस्करायची. एका दुपारी अंगणवाडीतल्या कामावरून मी लवकर घरी आले तर ती बोंबलाचा रिकामा डबा उघडून नाकाशी धरून बसली होती. डोळे मिटलेले. मी पाय न वाजवता माघारी फिरले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आन् मग मोठ्यानं खोकत आले. एका बारशाला तिला मीठ चाखायला बोलवलं. ती गेली, चाखलं, "अजून एक मूठ" म्हणली, आन् पाठ फिरवून पदरात थुकली. फक्त मी बघितलं. मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला न्हाई.

सूज उतरली. दम कमी झाला. भादव्यात परभणीला गेलो तर डॉक्टर खूष. पर जाताना त्यांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे फार नाजूक आहे. सण-समारंभात एक दिवस जरी भरपूर खारं पोटात गेलं, तरी मी काही सांगू शकत नाही." तिथून माझी झोप उडाली, कारण पुढं काय येणार हाय ते मला दिसायला लागलं होतं.

आमच्या वस्तीची एक रीत हाय. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, आन् दुसऱ्या दिवशी, ज्यानं जे सोडलं होतं ते बाकीच्यांनी त्याच्या घरी घेऊन जायचं. सोडलेलं आपल्या हातानं परत तोंडात घालायचं न्हाई, दुसऱ्यानं भरवायचं. आणणारानं समोर बसून पहिला घास द्यायचा. गेल्या साली माझ्या नणंदेनं, धम्मशीलानं, चहा सोडला होता. ती पेडगावला दिलेली, पर वर्षावासाला माहेरी आली होती. तिला त्या दिवशी घराघरातून एवढा चहा आला की दोन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला न्हाई. लय हसलो होतो आमी. भुजंगच्या तंबाखूचं मात्र अण्णांनी आधीच सांगून टाकलं, ज्यानं नुकसान होतं ते कुणी न्यायचं न्हाई. पर बोंबलानं चांगुणाबाईचं काय नुकसान होतंय ते वस्तीला कुठं ठाऊक होतं? उलट समद्यांना वाटायचं, म्हातारीनं केवढं अवघड धरलं आन् कसं निभावलं! पौर्णिमेच्या आधीच बाया मला रस्त्यात अडवून सांगायल्या होत्या, "बबिता, आमचेबी चार बोंबील हायेत बरं."

आता तुमी म्हणाल, घ्यायचं ताट, ठेवायचं, न्हाईतर जोडायचे हात. तसं आमच्यात होत न्हाई. आमच्या वस्तीत दारात आलेलं ताट माघारी जात न्हाई. भूक नसू दे, तब्येत बरी नसू दे, घास घ्यायचाच. सासूबाईनं मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच हे शिकवलं होतं, आन् का ते बी सांगितलं होतं. ती आन् कडूमावशी लहान होत्या तवा माहेरच्या गावात दोघी एका शेतावर निंदायला जायच्या. त्या शेताच्या मालकाची लेक त्यांच्याच वयाची, बांधावर संगं खेळायची. त्या लेकीचं लगीन ठरलं. कडूनं आईच्या मागं लागून धपाटे करून घेतले, धुतलेल्या फडक्यात बांधले आन् त्यांच्या दारात नेऊन ठेवले. संध्याकाळी गडी ते गाठोडं काठीच्या टोकाला अडकवून माघारी घेऊन आला. गाठ सुटलेली नव्हती. कडू तीन दिवस बोलली न्हाई. "तवापास्नं," सासूबाई म्हणली होती, "कुणाचं ताट माघारी धाडायचं म्हणलं की मला ती गाठ दिसती."

तवा काय करणार? मी हट्ट धरला, "आत्या, मला आनेतून मोकळं करा, मी वस्तीत सांगते." ती न्हाईच म्हणली. मालकांनी तोड काढली, ताटं यायच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं हिला पेडगावला धम्मशीलाकडं धाडायचं, चार दिवस तिकडंच राहू दे. त्यावरबी ती चिडली, "चोरावानी पळू व्हय?" पर मालकांच्या डोळ्यात पाणी आलं तशी तयार झाली. पिशवी भरली. मला जरा हायसं वाटलं.

त्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात कडूमावशी.

पांढरं लुगडं, हातात ताट, वर फडकं झाकलेलं. तिला नीट दिसत न्हाई, तरी बाजारात जाऊन एकेक बोंबील हातानं चाचपून घेतला होता म्हणे. पहाटं उठून भाजले होते. "म्हणलं, पहिला घास माझाच पायजे. चांगुणा उठली का?" तिच्या मागं गल्लीत आणखी तिघी-चौघी ताटं घेऊन यायल्या होत्या. राजेश्री, अर्पिताची आई, समद्या.

मी दारातच उभी राहिले. "मावशी, आत्याला गावाला जायचंय, गाडीची वेळ झाली."

"जाऊ दे की. घास खाऊन जाईल."

मागून सासूबाई आली. पिशवी तिच्या हातात होती. तिनं कडूमावशीकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. पिशवी खाली ठेवली आन् ओसरीवर पालथी मांडी घालून बसली. मालक "आई" म्हणाले, तिनं ऐकलं न ऐकल्यावानी केलं. कडूमावशी समोर बसली, फडकं काढलं. तो वास! तीन महिन्यांनी आमच्या घरात तो वास आला. सासूबाईच्या नाकपुड्या हललेल्या मी बघितल्या. कडूमावशीनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यात बोंबील धरला आन् हात पुढं केला.

मी तिचं मनगट धरलं.

माझं मलाच कळलं न्हाई मी काय केलं ते. पोरीवानी बारीक मनगट. सगळ्या बाया जागच्या जागी थांबल्या. कडूमावशी माझ्या तोंडाकडं बघायली. आधी तिला वाटलं मी चेष्टा करायलेय. मग तिचा चेहरा उतरला. "माझं ताट माघारी धाडायलीस व्हय गं, बबिता?"

"हात सोड!" सासूबाई ओरडली. तिला एवढं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "सोड म्हणते न्हवं! माझ्या उंबऱ्यात कडीचा हात धरतीस?" आन् मी सोडायच्या आधीच तिनं वाकून तो घास कडूमावशीच्या बोटातून आपल्या तोंडात घेतला. नुस्ता घास न्हाई, ताटातला अख्खा बोंबील उचलून त्याच्यामागं कोंबला.

मग कसली आन आन् कसलं काय. मी किंचाळले, "मावशी, त्यांच्या किडन्या गेल्यात! डॉक्टरनं सांगितलंय, हे त्यांना विष हाय! खाल्लं तर मरतील!"

पुढचं लय पटकन झालं. कडूमावशीनं ताट बाजूला सारलं, एका हातानं सासूबाईचा जबडा धरला आन् दुसऱ्या हाताची बोटं सरळ तोंडात घातली. "थुक." सासूबाई मान हलवायली. "थुक म्हणते ना, चांगुणे! थुक!" तिनं घास ओरबाडून बाहेर काढला, स्वतःच्या तळहातावर घेतला, गालाच्या आतून बोट फिरवून काटे बी काढले. मग मला म्हणली, "पाणी आन." मी तांब्या आणला. तिनं सासूबाईला चूळ भरायला लावली, एकदा, परत एकदा. सासूबाई मुकाट्यानं भरायली.

मग कडूमावशीनं ताट ओढून घेतलं आन् त्यावर फडकं टाकलं. "ह्ये माझं ताट हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणली, "आन् मीच माघारी नेणार हाय. कुणी धाडलेलं न्हाई. ऐकलं का गं पोरींनो?"

दारातल्या बायांनी एकमेकीकडं बघितलं. राजेश्रीनं आपल्या ताटावर पदर घातला. एकेक करून त्या आपापली ताटं घेऊन फिरल्या. अर्पिताची आई तेवढी जाता जाता ओसरीच्या कडेला टेकली आन् सासूबाईच्या पायाला हात लावून गेली.

आता सासूबाई चिडणार असं मला वाटलं. ती बसून होती, तोंडावर पाणी निथळायलं होतं. चिडली कडूमावशी. इतकी वर्षं बघते मी तिला, कधी आवाज चढवलेला ठाऊक न्हाई. "इतके दिवस माझ्यासंगं विहारात बसलीस," ती म्हणली, "रोज मला इचारलंस, कडे, तुझा गुडघा कसा हाय? आन् स्वतःचं एक अक्षर बोलली न्हाईस? माझ्या हातानं मरायला निघालीस व्हय? मी भाजले ते बोंबील. म्या हातानं भरवले असते. आन् तू गेल्यावर कुणीतरी मला सांगितलं असतं, कडूबाई, तुझ्याच ताटानं गेली. मग म्या काय करायचं व्हतं? कुठं जायचं व्हतं म्या?"

"तुझं ताट..." सासूबाई म्हणायला गेली.

"चुलीत गेलं ताट! त्या फडक्याचं दुखनं मला व्हतं का तुला? म्या कवाच इसरले ते. तूच धरून बसलीस."

मालक भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी तांब्या तसाच हातात धरलेला. सासूबाईनं पदरानं तोंड पुसलं, परत पुसलं, आन् मग तिचं तोंड वाकडं झालं. सासरे गेले तवा ती रडली नव्हती. डॉक्टरनं मशीनचं नाव काढलं तवाबी रडली नव्हती. मरन यायचं तवा येतंय म्हणणारी बाई, ती कडूमावशीच्या दोन्ही हातांना धरून हमसून हमसून रडायला लागली.

"मला मरायचं न्हाई गं, कडे," ती म्हणली. "लय भ्या वाटतंय. रोज रातच्याला वाटतंय. मला न्हाई मरायचं."

कडूमावशीनं हात सोडवून घेतले न्हाईत. तिच्याही डोळ्यातून पाणी वाहायलं होतं, पर ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

"मलाबी तुला मरू द्यायचं न्हाई," ती म्हणली. "पर मला ठावं तर पायजे का न्हाई?"